सरकीची पेंड, नव्वद दिवसांचे उंदीर आणि पावसातले पोते

गोव्यातल्या वाळपईच्या बाजूच्या एका दूध उत्पादकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे चार गायी, दोन म्हशी. थोडे दूध रतिबाला जाते, उरलेले सोसायटीला. ते विचारतात: "वर्षानुवर्षे सरकीची पेंड घालतोय. परवा मुलाने मोबाईलवर अंगावर लिंबाएवढ्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो दाखवले. म्हणाला, ही सगळी सरकी बीटी कापसाची, जनुक बदललेली. उंदरांना फक्त ९० दिवस खाऊ घातली आणि पास केली म्हणे. ९० दिवसांत काय कळणार? पेंड बंद करू का? आणि हे दूध घरातल्या मुलांना द्यावे की नको?"

जनावरे दोन वेळ खातात आणि माझे पुराण लांबणार आहे, म्हणून उत्तर आधी देतो. केवळ बीटी आहे म्हणून पेंड बंद करायचे कारण मला दिसत नाही. दूधही द्या. पण पेंडीची पोती जिथे रचली आहेत ती जागा आजच्या आज बघा. का, ते पुढे येईलच.

मी पशुवैद्यक, पण गोठ्यातला कमी आणि सूक्ष्मदर्शकापुढचा जास्त. नोकरीची बावीस वर्षे उंदरांच्या अवयवांच्या स्लाइड वाचण्यात गेली. त्यातले बहुतेक उंदीर औषधांचे आणि कीटकनाशकांचे, काही थोडे जीएम, म्हणजे जनुक बदललेले, धान्य खाल्लेले. आता फोंड्याजवळ कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सांभाळतो. या चाचण्यांचा खर्च बहुतेक वेळा कंपन्याच करायच्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला शोधून काढायचे कष्ट नकोत.

तुमचा प्रश्न एक दिसतो, पण त्यात तीन गुंतले आहेत. चाचणी नेमकी कशाची होते? ९० दिवस पुरतात का? आणि तुमच्या गोठ्यात आलेली पेंड चाचणी झालेल्या सरकीसारखीच आहे का? हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तुमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा.

मुलगा सरकीबद्दल म्हणतो ते बरोबर आहे. बीटी कापूस भारतात मार्च २००२ मध्ये मंजूर झाला, २००६ मध्ये दोन प्रथिनांचा आला, आणि आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तोच आहे. गोव्यात कापूस होत नाही, आपली पेंड घाटावरून येते. ती बीटीची नसेल असे समजायला जागाच नाही.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. त्याचे जनुक घातल्यामुळे कापसाचे झाड 'क्राय' नावाचे प्रथिन स्वतःच बनवते. बोंडअळीच्या आतड्यात आम्ल नसते, उलट क्षार असतो. तिथे हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक जागांना जाऊन चिकटते आणि भिंतीला भोके पडतात. आपल्या जठरात आम्ल आणि पेप्सिन आहे, गायीच्या चौथ्या पोटातही आहे, आणि त्याआधी तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू प्रथिनांचा फडशा पाडतातच. चिकटायच्या त्या जागाही आपल्या आतड्यात नसतात.

ही सगळी माहिती एकाही उंदराला हात न लावता मिळते, आणि लोकांच्या नजरेतून सुटते ते नेमके हेच. उंदीर शेवटी येतात. त्याआधी नव्या प्रथिनाची रचना माहीत असलेल्या विषांशी आणि ॲलर्जी आणणाऱ्या प्रथिनांशी ताडून बघतात. परीक्षानळीत पेप्सिन घालून ते किती मिनिटांत तुटते ते बघतात, तापवून बघतात. शुद्ध प्रथिन उंदरांना एकाच दिवशी भरपूर पाजतात, वजनाच्या दर किलोला २००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. मग बियाण्याची पूर्ण फोड होते: प्रथिन, तेल, तंतू, अमिनो आम्ले, आणि त्या पिकाची स्वतःची जन्मजात विषे. सरकीत असे विष असतेच, गॉसिपॉल. ते बीटीच्या आधीही होते आणि आताही आहे.

खरे पकडले गेलेले प्रकार याच टप्प्यावर पकडले गेले. सोयाबीनचा कस वाढवायला त्यात ब्राझील नट या सुक्या फळाचे प्रथिन घातले होते. त्या फळाची ॲलर्जी असलेल्या माणसांच्या रक्तद्रवाशी ते सोयाबीन ताडून पाहिले आणि प्रतिक्रिया आली. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि ते सोयाबीन बाजारात कधी आलेच नाही. दुसरा प्रकार अमेरिकेतल्या स्टारलिंक मक्याचा. त्यातले क्राय९सी प्रथिन पेप्सिनमध्ये लवकर तुटत नव्हते, म्हणून तो मका फक्त जनावरांसाठी मंजूर केला. २००० साली तो माणसांच्या खाण्याच्या पदार्थांत सापडला आणि दुकानांतून माल परत बोलवावा लागला. तक्रार करणाऱ्यांचे रक्त तपासले, त्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा काही मिळाला नाही. पण जनावरांचे धान्य वेगळे आणि माणसांचे वेगळे हा हिशेब कागदावरच राहतो, एवढे त्यातून सगळ्यांना कळले.

आता उंदीर. नव्वद दिवसांच्या चाचणीची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ठरलेली पद्धत आहे, क्रमांक ४०८. सहा ते आठ आठवड्यांचे पांढरे उंदीर घ्यायचे, प्रत्येक गटात कमीत कमी दहा नर आणि दहा माद्या. एका गटाच्या खाद्यात जीएम धान्य, दुसऱ्याच्या खाद्यात त्याच जातीचे जनुक न बदललेले धान्य. मक्याच्या चाचण्यांत हे प्रमाण बहुधा ११ टक्के आणि ३३ टक्के असे ठेवतात. दर आठवड्याला वजन, आणि खाल्लेल्या खाद्याचे माप. हे माप वाटते तितके सोपे नाही. उंदीर जेवढे खातो त्याच्या बरोबरीने सांडतो. पिंजऱ्याखालच्या ट्रेमधले सांडलेले चाळायचे, लेंड्या वेचून वेगळ्या करायच्या आणि उरलेले तोलायचे. नव्या मुलाला पहिले काम हेच देत असू. त्यात जो टिकला तो पुढे टिकायचा.

शेवटी भूल देऊन रक्त काढतात, मग पोस्टमॉर्टेम. यकृत, मूत्रपिंडे, प्लीहा, थायमस, हृदय, मेंदू, वृषणे, गर्भाशय, सगळे तोलायचे आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकायचे. पुढे मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनचे काप, गुलाबी-जांभळा रंग देऊन माझ्या टेबलावर. एका अभ्यासात स्लाइडचे ट्रे माझ्या उंचीपर्यंत रचले जात. त्या ढिगात मी काय शोधतो? विष असेल तर ते एखाद्या अवयवात खूण सोडते, आणि जास्त खाल्लेल्या गटात ती खूण ठळक असते. यकृताच्या पेशी फुगतात, मूत्रपिंडाच्या नलिका झडतात, वृषणे आक्रसतात. नव्वद दिवस म्हणजे उंदराच्या आयुष्याचा साधारण दहावा भाग. तेवढ्यात अशी खूण दिसते, हे हजारो रसायनांवरून माहीत झाले आहे. कर्करोग मात्र नव्वद दिवसांत दिसत नाही. तिथे तुमची शंका रास्त आहे.

पण या चाचणीची खरी मर्यादा दिवसांची नाही, मात्रेची आहे. कीटकनाशक तपासताना माणसाच्या पोटात जाईल त्याच्या हजारपट उंदराला देता येते. धान्याचे तसे नाही. २५० ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण २० ग्रॅम खातो. त्यात ३३ टक्के मका धरला तर साडेसहा ग्रॅम. साठ किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात खायचे म्हटले तर दिवसाला दीड किलोहून जास्त मका झाला. ऐकायला खूप वाटते, पण ही माणसाच्या शक्य खाण्याच्या काहीच पट आहे. मका याहून वाढवला तर आहाराचा तोल जातो आणि उंदीर मक्याने नाही, कुपोषणाने आजारी पडतो. शिवाय धान्यात ते प्रथिन दर ग्रॅमला मायक्रोग्रॅममध्ये असते. ते एक मायक्रोग्रॅम धरा, उंदराच्या दर किलो वजनामागे २६ मायक्रोग्रॅम होतात. शुद्ध प्रथिनाच्या चाचणीत त्याच किलोमागे २००० मिलिग्रॅम गेलेले असते, म्हणजे पंचाहत्तर हजार पट. त्या प्रथिनाबद्दल काही कळायचे असेल तर ते तिथे कळेल, मक्याच्या पिठात नाही. पीठ खाऊ घालायचे ते कोणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा बदल धान्यात झाला आहे का हे चाचपायला. ओबडधोबड हत्यार आहे ते. निरुपयोगी म्हणणार नाही.

बरे, धान्य कुठून आले यावर सगळा निकाल उलटू शकतो. हे मी पाहिले आहे. एका मक्याच्या अभ्यासात चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका गटाचे वजन मागे पडू लागले. आम्ही सावध झालो. वरिष्ठांचे चेहरे उतरले, कारण सगळ्यांनी धरून चालले की हा जीएमचा गट. तक्ता उघडला तर तो साध्या मक्याचा गट निघाला! पुढे त्यातले काही उंदीर तपासले, तर यकृतात पित्तनलिकांची कोवळी झाडी वाढलेली. हे चित्र ज्याने एकदा पाहिले त्याला कारण सांगावे लागत नाही: अफ्लाटॉक्सिन, बुरशीचे विष. मक्याची तपासणी झाली होती, अहवाल स्वच्छ होता. पण नमुना माल आला त्या दिवशी काढलेला. नंतर ती पोती जुलै महिन्यात पाच आठवडे दुसऱ्या गोदामात, भिंतीला टेकून पडली होती. अभ्यास रद्द झाला आणि एवढे उंदीर फुकट गेले. तीच पोती जीएम मक्याची असती तर काय मथळे आले असते, याचा विचार मी आजही करतो. त्या अहवालातले प्रत्येक वाक्य खरे होते, फक्त उंदरांनी खाल्ला तो मका वेगळा होता. हे लक्षात ठेवा, तुमच्या पेंडीशी गाठ इथेच आहे.

आकड्यांचीही एक गंमत असते. एका चाचणीत रक्ताचे, लघवीचे, अवयवांचे मिळून शंभर-एक मोजमाप होतात. खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर तो 'लक्षणीय' म्हणायचा, असा संख्याशास्त्राचा रिवाज. मग दोन्ही गटांना एकाच पोत्यातले खाऊ घातले तरी शंभरात पाचेक फरक 'लक्षणीय' निघणारच. विरोधक तेवढे पाच उचलतात. कंपनीचा माणूस पाचही पुसून टाकायला बघतो. आमचे काम या दोघांच्या मधले: तो फरक मात्रेबरोबर वाढतो का, नरात आणि मादीत दोन्हीकडे आहे का, स्लाइडमध्ये त्याला जोड आहे का, आणि याच जातीच्या निरोगी उंदरांत आजवर तो आकडा कुठून कुठपर्यंत हलत आला आहे. नर उंदराचे मूत्रपिंड तर काही न खाऊ घालताही वयाबरोबर बिघडत जाते. ते माहीत नसलेल्याला प्रत्येक म्हातारा नर विषबाधेचा वाटेल.

आता मुलाने दाखवलेले फोटो. ते बहुधा २०१२ मधल्या फ्रान्सच्या सेरालिनी यांच्या अभ्यासातले असावेत. एनके६०३ हा तणनाशक सहन करणारा मका आणि ते तणनाशक, दोन वर्षे, २०० उंदीर. गाठी खऱ्या होत्या, फोटो बनावट नव्हते. पण उंदीर होते स्प्रेग-डॉली जातीचे. या जातीच्या माद्या दोन वर्षे जगवल्या तर काहीही खाऊ घाला, निम्म्याहून जास्त माद्यांच्या छाती-पोटाखाली स्तनग्रंथींच्या गाठी येतात. मी स्वतः साध्या खाद्यावरच्या, कसलेही औषध न दिलेल्या माद्या पाहिल्या आहेत, काखेखाली लिंबू घेऊन फिरणाऱ्या. बोटाने ढकलली तर कातडीखाली सरकते. म्हणून गाठ आली का हा प्रश्नच नव्हता. तुलनेच्या गटापेक्षा किती जास्त आल्या, हा होता. आणि तुलनेचा गट होता दहा नर आणि दहा माद्यांचा, त्याच्यासमोर नऊ-नऊ गट. कर्करोगाच्या दोन वर्षांच्या चाचणीत एका गटात प्रत्येकी ५० नर-माद्या लागतात, ते एवढ्यासाठीच. शोधनिबंधातल्या त्या फोटोंत तुलनेच्या गटातली एकही मादी दाखवलेली नव्हती. ती शेजारी ठेवली असती तर तुमच्या मुलाला फरक सांगता आला असता का, शंकाच आहे.

नियतकालिकाने नोव्हेंबर २०१३ मध्ये तो निबंध मागे घेतला. कारण दिले ते लबाडीचे नव्हे, निष्कर्ष काढता येत नाही असे. २०१४ मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. मला सेरालिनी यांचा निष्कर्ष पटत नाही, पण त्यांच्या एका बोलण्यात तथ्य होते: कंपन्यांच्या चाचण्यांतही गट लहान असतात आणि मूळ आकडे लोकांना बघायला मिळत नाहीत. या गदारोळानंतर युरोपीय संघाने सार्वजनिक पैशातून अभ्यास करवले, त्याच एनके६०३ मक्याचा दोन वर्षांचाही त्यात होता, मोठे गट घेऊन. काही वावगे निघाले नाही. त्या शास्त्रज्ञांनी पुढे एक गोष्ट सांगितली ती आमच्या धंद्याला जरा झोंबली: आधीच्या तपासणीत शंका घ्यायला काही सापडले नसेल, तर नुसते उंदरांना पीठ खाऊ घालून हाती फार काही लागत नाही. तोवर युरोपने २०१३ च्या नियमाने ९० दिवसांची चाचणी सक्तीची करून टाकली होती. शास्त्र एकीकडे आणि लोकांचे समाधान दुसरीकडे, हे सगळीकडेच चालते.

शंका घेणारे प्रत्येक वेळी चुकतात असेही नाही. ऑस्ट्रेलियात वाटाण्यात घेवड्यातले एक प्रथिन घातले होते, भुंग्यापासून वाचवायला. २००५ मध्ये छोट्या उंदरांत त्याची प्रतिकारशक्तीवर प्रतिक्रिया दिसली आणि तो वाटाणा तिथेच थांबला. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्यांनी पाहिले तर उंदरांची तशीच प्रतिक्रिया साध्या घेवड्यालाही येत होती. पण २००५ मध्ये थांबणे बरोबरच होते. आपल्याकडे बीटी वांग्याला जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवले. तेव्हा आपल्या आगशी गावच्या वांग्यांचे आता काय होणार म्हणून मला गावातले लोक विचारत. उंदरांनी काही वाईट दाखवले म्हणून ते वांगे थांबले नव्हते. चाचण्या कोणी केल्या, आकडे कोणी पाहिले, स्वतंत्र तपासणी कुठे आहे, हा वाद होता. मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम वाणावरही तेच चालले आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे निकाल वेगळे पडले, पण जीएम पिकांचे राष्ट्रीय धोरण करा यावर दोघांचे एकमत होते. कंपनीने पैसे दिले म्हणून स्लाइडमधली पेशी बदलत नाही. आमच्याकडे प्रत्येक खाडाखोडीवर सही आणि तारीख लागे, तपासणी पथक केव्हाही येऊन मेणात बसवलेल्या अवयवाचा जुना ब्लॉक मागू शके. पण कोणता प्रश्न विचारायचा हे पैसे देणारा ठरवतो. माझा आक्षेप तिथे आहे.

न विचारलेल्या प्रश्नांतला एक तुमच्या पेंडीशी जोडलेला आहे. देशात तणनाशक सहन करणारा कापूस मंजूर नाही, पण चोरीचे बियाणे लावले जाते हे गुपित नाही. त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले जाते. बीटी कापसाच्या चाचण्यांनी त्या अवशेषांबद्दल काहीच सांगितलेले नाही, कारण ते त्यांना विचारलेच नव्हते. कोणी तुम्हाला सरसकट "जीएम सुरक्षित आहे" म्हणाले तर कोणते पीक, कोणते जनुक आणि त्यावर काय फवारलेले, एवढे विचारा. सरसकट "जीएम विष आहे" म्हणणाऱ्यालाही तेच विचारा.

गायींचे म्हणाल तर उंदरांवर विसंबायची गरजच नाही, गायींवरच पाहिले गेले आहे. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या संकरित गायींना बीटी सरकी खाऊ घातली. दुधात, खाण्यात, वजनात फरक नाही, आणि ते प्रथिन दुधात सापडले नाही. अमेरिकेत १९९६ पासून जनावरांच्या खाद्यात जीएम मका-सोयाबीन भरून आले. त्याच्या आधीची आणि नंतरची, १९८३ ते २०११ मधली, शंभर अब्जांहून अधिक जनावरांची आणि कोंबड्यांची नोंद २०१४ मध्ये दोन संशोधकांनी तपासली. आजाराचे वेगळे चिन्ह दिसले नाही. अर्थात मांसाची कोंबडी सहा आठवड्यांत कापतात, तिच्यावरून म्हातारपणाचे काही कळत नाही. पण दुभती गाय वर्षानुवर्षे तेच खाते, तुमच्याकडेही खातेच आहे. २००६ मध्ये वरंगळच्या बाजूला कापसाच्या शेतात चरून मेंढ्या मेल्या, तेव्हा बीटीवर ठपका आला. पुढच्या चर्चेत नायट्रेट आणि कीटकनाशकांचे अवशेष हीही कारणे निघाली. मेलेल्या मेंढीचे पोस्टमॉर्टेम वेळेवर आणि नीट झाले नाही तर असा वाद कधीच मिटत नाही.

आता पोते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्या पटापट मरू लागल्या, लाखभर मेल्या. रोगाला नावच सुचेना म्हणून 'टर्की एक्स' म्हणू लागले. कारण निघाले खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्या पेंडीतली बुरशी. अफ्लाटॉक्सिन जगाला कळले ते असे. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे गेली. त्यात जनुक कोणी बदलले नव्हते. आणि आपल्या सत्तरी तालुक्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला होतो.

पशुखाद्यात या विषाची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. ५० किलोच्या पोत्यात एक मिलिग्रॅम, नखाच्या टोकावर दिसणारही नाही इतके. गाय ते खाते आणि त्याचा एक-दोन टक्के भाग रूप बदलून दुधात उतरतो, त्याला एम१ म्हणतात. तुमच्या पेंडीत किलोला १०० मायक्रोग्रॅम असले आणि गायीला दिवसाला तीन किलो घातली, तर तिच्या पोटात ३०० गेले. दोन टक्क्यांनी सहा दुधात आले. आठ लिटर दुधात वाटले तर लिटरला पाऊण. दुधातली मर्यादा अर्ध्या मायक्रोग्रॅमची आहे. दूध उकळून ते जात नाही. हे नुसते हिशेबाचे भय नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी तपासणीत ६४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये एम१ मर्यादेपेक्षा जास्त होते, आणि प्राधिकरणाने बोट पशुखाद्याकडेच दाखवले. मुलांच्या दुधाची काळजी करायची तर ती इथे करा. चांगली गोष्ट एवढीच की खराब पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध साफ होते.

म्हणून पोती जमिनीवर नको, भिंतीला टेकून तर मुळीच नको. सुपारीच्या फळ्या किंवा लाकडी पाट घाला, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. पावसात पंधरा दिवस पुरेल एवढाच माल आणा. गणेश चवथीला भाव वाढेल म्हणून जूनमध्ये साठा करायचा मोह टाळा. जुने पोते आधी, नवे मागून. पोत्यात हात खुपसून बघा: गरम लागली, गोळे झाले असले, कुबट वास आला तर ती पेंड उन्हात वाळवून गायीला घालू नका. वाळवून बुरशीची वाढ थांबते, आधी तयार झालेले विष राहतेच. चांगल्या पेंडीत थोडी थोडी मिसळून संपवू असेही मनात आणू नका. उलट नुसत्या नजरेने चांगली दिसणारी पेंड स्वच्छ असेलच असे नाही, म्हणून वर्षातून एकदा पावसाच्या मध्यावर नमुना तपासून घेतलेला बरा. सोसायटीतले पाच-सहा जण मिळून केलात तर खर्च अंगावर येणार नाही.

नमुना काढताना मात्र पोत्याच्या तोंडाजवळची मूठ उचलू नका. बुरशी एका जागी दाट असते आणि हातभर पलीकडे काहीच नसते. चार-पाच पोत्यांतून, वरून, मधून, तळातून, थोडे थोडे काढा, एकत्र कुटा, ढवळा आणि त्यातले किलोभर कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि वाटेतच बुरशी वाढते. निकाल येईपर्यंत ती पोती बाजूला ठेवा. आणि चार महिन्यांच्या आतल्या वासरांना सरकीची पेंड चांगली असली तरी घालू नका. त्यांचे पहिले पोट तयार झालेले नसते, आणि मोठी गाय सोसते ते गॉसिपॉल त्यांना सोसत नाही.